दरपत्रक, दिवटी आणि बट्टा : एका मोहिमेच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४, रविवार

आमचा खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स : टेबलाभोवती बसून, फासे टाकत, एकेक पात्र होऊन साहसकथा खेळायची. गोष्ट मी चालवतो, पात्रं बाकी पाच जणांची, आणि इथे त्यांना पात्रांच्याच नावाने लिहितो. आजच्या सेशनमध्ये भिवबाने आंबेखिंडीच्या धर्मशाळेत पिठलं-भाकरी खाल्ली, सोन्याचं एक नाणं टेकवलं आणि म्हणाला, "उरलेले ठेवा तुम्हालाच." सगळे हसले. मीही हसलो आणि पुढचं दृश्य सुरू केलं. घरी येताना मात्र ते नाणं डोक्यातून जाईना.

आंबेखिंड म्हणजे साठ उंबऱ्यांचं गाव. त्या बाईने सोन्याच्या नाण्याचं करायचं काय? गावात कुणाकडे तेवढे सुट्टे असणार नाहीत. तीन कोसांवरच्या बाजाराला नेलं, तर सावकार आधी विचारणार, "कुठून आणलंस?" संध्याकाळपर्यंत पाटलाच्या कानावर जाणार आणि रात्री तिच्या परसात कुदळी वाजणार, कारण गावाच्या मते तिला गुप्तधन सापडलेलं असणार. भिवबाने बक्षीस दिलं नाही, बाईच्या मागे शुक्लकाष्ठ लावलं.

आम्ही खेळतो ती पाचवी आवृत्ती, २०१४चं नियमांचं पुस्तक. देश माझ्या कल्पनेतला आहे, पण घाट, पाऊस आणि कातळ इथलेच. पुस्तकातलं दरपत्रक मी वर्षभर जसंच्या तसं वापरलं. आता आपलं स्वतःचं करायचं : दोन पानं, त्यापेक्षा जास्त नाही. मुदत दसरा. जे काही करीन ते इथे टिपत जाईन, नाहीतर तीन महिन्यांनी कुठला दर का धरला हे मलाच आठवायचं नाही.

११ जून

नाण्यांच्या भाषेत विचार केला की काहीच कळत नाही. १५ गोल्ड म्हणजे स्वस्त की महाग? म्हणून एकच माप धरलं : साध्या मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशोबाची वही आपल्या हाडातच आहे म्हणा. वडील आणि काका दोघेही आडतीच्या धंद्यातले, दोन तक्ते शेजारी ठेवल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही.

पुस्तकात अकुशल मजुराला दिवसाला चांदीची २ नाणी मिळतात. लाँगसोर्ड, म्हणजे लांब तलवार, १५ सोन्याची, म्हणजे १५० चांदीची. म्हणजे ७५ दिवसांची मजुरी.

शेजारी ठेवली अबुल फजलची आईन-इ-अकबरी. अकबराचा दरबार म्हणजे सह्याद्री नव्हे, हे मला कळतं. पण गव्हापासून तलवारीपर्यंत आणि पखालवाल्यापासून सुतारापर्यंत दर एकाच ठिकाणी, एकाच काळातले मिळणं ही चैन आहे. रुपयाला ४० दाम. साधा मजूर दिवसाला २ दाम. तलवार अर्ध्या रुपयापासून १५ मोहरांपर्यंत. अर्धा रुपया म्हणजे २० दाम, म्हणजे १० दिवस. वरचं टोक : मोहर ९ रुपयांची, १५ मोहरा म्हणजे १३५ रुपये, म्हणजे ५,४०० दाम, म्हणजे २,७०० दिवस. सात वर्षांहून जास्त.

पुस्तकाचा ७५चा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आरामात बसतो. म्हणजे चूक आकड्यात नाही. चूक अशी, की पुस्तकाला तलवार एकच ठाऊक आहे. दहा दिवसांची तलवार ही कुणाही शिपायाची, आणि सात वर्षांची तलवार ही मूठ, पोलाद आणि मिरवणं यांची. माझ्या तक्त्यात तलवारीपुढे एक किंमत नसेल, तीन असतील : चालू, बरी, नावाजलेली.

गव्हाचंही पाहिलं. पुस्तकात एक पौंड गहू तांब्याच्या एका नाण्याला, म्हणजे मजूर दिवसाला २० पौंड, सुमारे ९ किलो गहू घेऊ शकतो. आईनमध्ये गहू १२ दामांना एक मण, आणि अकबरी मण सुमारे २५ किलोचा. म्हणजे २ दामांत सव्वाचार किलोच्या आतबाहेर. खेळातला मजूर अकबराच्या मजुराच्या दुप्पट खातो. लोक या दरपत्रकाला इतकी नावं ठेवतात की मला दहापट-वीसपट तफावत वाटली होती. दुप्पट म्हणजे फार काही बिघडलेलं नाही.

बिघडलंय ते इथे : पुस्तकात कुशल कारागीर सोन्याची २ नाणी घेतो, मजुराच्या दहापट. आईनमधला पहिल्या प्रतीचा सुतार ७ दाम घेतो, साडेतीनपट. आणि मीठ. पुस्तकात मीठ गव्हाच्या पाचपट महाग आहे, आईनमध्ये मणाला १६ दाम, गव्हापेक्षा थोडंच वर. आमच्या देशाला कोकणपट्टी आहे, मिठागरं आहेत. मीठ स्वस्त केलं. घाट चढलं की महाग.

१६ जून

शिडीचा जुना विनोद. तिसऱ्या आवृत्तीत दहा फुटी शिडी तांब्याच्या ५ नाण्यांना मिळे आणि दहा फुटी काठी चांदीच्या २ नाण्यांना. शिडी घ्या, पायऱ्या काढून टाका, दोन काठ्या विका आणि जन्मभर बसून खा. पाचव्या आवृत्तीत काठी ५ तांब्यांवर आणली आणि शिडी एका चांदीवर नेली. म्हणजे दोन काठ्यांची किंमत बरोब्बर एक शिडी. पायऱ्या फुकट, सुताराची मजुरीही फुकट! आमच्या टोळीतली चोर रखमा, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मी काठ्या घेऊन शिड्या करून विकू?" कर बाई. गिऱ्हाईक कोण?

२३ जून

आजचा दिवस धातूंचा. यात जितका गुंतलो तितका या प्रकल्पात कशातच गुंतलो नव्हतो.

खेळात १० तांब्यांचं एक चांदीचं आणि १० चांदीची मिळून एक सोन्याचं. सगळी नाणी एकाच वजनाची, पौंडाला ५०, म्हणजे सुमारे ९ ग्रॅमचं एक. सोनं आणि चांदीचं प्रमाण एकास दहा. अकबरी मोहर जवळपास ११ ग्रॅम सोनं, ती ९ रुपयांची, रुपया सुमारे साडेअकरा ग्रॅम चांदी. भागाकार केला तर एकास साडेनऊच्या जवळ येतं. शाब्बास, इथे खेळ बरोबर.

तांब्याचं मात्र गाडं घसरलं. दाम सुमारे २१ ग्रॅमचा, ४० दाम म्हणजे साधारण ८४० ग्रॅम तांबं, तेव्हा रुपयाभर चांदी. एकास त्र्याहत्तरच्या आसपास. खेळात एकास दहा. म्हणजे खेळातलं तांबं वजनाच्या मानाने सातपट महाग, आणि म्हणूनच कुणाच्या पाठीवर बसत नाही.

आता शंभर रुपयांचा गाव-वसूल घ्या. सोन्यात ११ मोहरा, १२० ग्रॅम, कनवटीला मावतात. चांदीत एक किलोच्या थोडं वर, एक पिशवी. आणि तांब्यात ४,००० दाम, ८४ किलो. एका माणसाला उचलत नाही, बैल लागतो. बैल आला की वाट लागते, वैरण लागते, बैल हाकणारा लागतो, आणि खिंडीत दबा धरून बसलेल्यांना लांबून दिसतो तो बैलच.

हे लिहिता लिहिता लक्षात आलं की मला हव्या असलेल्या सगळ्या गोष्टी या एका भागाकारात आहेत. लुटीचं वजन हा नियम लिहायची गरजच नाही. गावात पैसा तांब्यात असतो, एवढं सांगितलं की झालं.

जाता जाता ड्रॅगनची गादी. चित्रात तो सोन्याच्या डोंगरावर झोपलेला असतो. तीन मीटर लांब, तीन रुंद, वीतभराहून थोडी जास्त म्हणजे ३० सेंटीमीटर जाड अशी बेताची गादी धरली, नाण्यांमधल्या फटी सोडल्या, तरी ३१ टन सोनं होतं. चौतीस लाखांवर नाणी. उलट बाजूने : खेळात ज्याला मोठं घबाड म्हणतात ती दहा हजार सोन्याची नाणी ९१ किलोची, पण जागा किती? आंघोळीची बादली अर्धी भरेल, बस्स. पोरं आत येऊन विचारतील, "गादी कुठेय?" मी बादली दाखवणार.

३० जून

मशालीचा प्रयोग. पुस्तक म्हणतं : एक मशाल, एक तास, तांब्याचं एक नाणं.

गच्चीवर गेलो. दांडक्याला जुन्या धोतराच्या पट्ट्या घट्ट गुंडाळल्या, करंजेल तेलात तासभर भिजवल्या. पेटवली. पहिली दहा-बारा मिनिटं झकास. चौदाव्या मिनिटाला ज्योत बसायला लागली, विसाव्याला नुसता धूर आणि जळक्या कापडाचा वास. मध्येच एक पेटता थेंब शेजारच्यांनी पाण्याच्या टाकीवर घातलेल्या ताडपत्रीवर पडला. भोक रुपयाएवढं, पण सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो ताडपत्रीएवढा. नवी ताडपत्री आणून दिली. प्रकल्पखर्च ४५० रुपये.

आईने खालून हाक मारली, "अरे, दिवटीला बुधली लागते, एवढं कळत नाही होय तुला?" घरात खंडोबा आहे. देव्हाऱ्यात दिवटी-बुधली आहे. दर चंपाषष्ठीला मी ती बघतो, आणि तरी हे सुचलं नव्हतं. दिवटीची कमाल तिच्या चिंधीत नाही, शेजारी धरलेल्या बुधलीत आहे. गोंधळात संबळ वाजत असतो आणि दिवटीवर सतत तेलाची धार सोडलेली असते. दिवटी धरणं हे एका माणसाचं पूर्ण वेळचं काम असतं. दिवट्या हा शब्दच त्यातून आला.

दुसरी मशाल त्या पद्धतीने : एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चोचीचं भांडं. तासभर चालली. तेल गेलं पाऊण लिटर, त्यातलं बरंच गच्चीवर. आईनमध्ये तेल ८० दामांना मण. पाऊण लिटर म्हणजे ७०० ग्रॅम धरलं तर सव्वादोन दाम. एका तासाच्या उजेडाला मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि वर दिवट्याचा एक हात कायमचा अडकलेला. पुस्तकातली मशाल मजुरीच्या विसाव्या भागात येते.

पणतीचा प्रयोगही लगेच केला. बारीक वात, ३० मिली तेल, साडेचार तास. उजेड हातभर. म्हणजे गुहेत चालायला मशाल आणि बसून हिशोब लिहायला पणती. माणसं तेच करत आली असणार.

गुणाबाईला फोन केला. ती आमची जादूगारीण. तिचा उजेडाचा मंत्र फुकट आहे, तासभर टिकतो, हवा तितक्या वेळा म्हणता येतो. म्हटलं, "तू दर तासाला एका मजुराची दिवसभराची कमाई हवेत सोडतेस, माहीत आहे का?" पलीकडे दोन क्षण शांतता. मग, "वरातीचे किती घेऊ?" मी फोन ठेवला. दहा मिनिटांनी तिचा मेसेज : अखंड ज्योतीच्या मंत्राला ५० सोन्याची माणकाची पूड लागते, म्हणजे २५० मजुऱ्या, म्हणजे मशालीचे २५० तास. महिन्या-दीड महिन्यात वसूल, नंतर कायमचा नफा. हिशोब चोख होता. आमच्या देशात प्रत्येक मोठ्या देवळात आणि जकातनाक्यावर आता अशी ज्योत असणार, आणि त्यामुळे माणकं महाग असणार. हे मी आधी लिहायला हवं होतं.

१४ जुलै

नव्या तक्त्याने पहिलं सेशन. पडलं.

दीड तास पाच जण सामान घेत होते. भिवबा म्हणाला, "मी ऑफिसात दिवसभर एक्सेल बघतो, शनिवार-रविवारीही तेच?" त्याचं बरोबर आहे. माझ्या तक्त्यात एकशे चाळीस ओळी झाल्या होत्या. त्यात घोड्याच्या नालेचे खिळे होते. ते कुणीही मागितले नव्हते.

यावर जुन्या काळीही लोकांनी डोकं लावलं होतं. या खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्सने १९७८च्या पुस्तकात सरळ सांगून टाकलं होतं की हे दर अलास्कात सोन्याच्या शोधात झुंडी लोटल्या तेव्हाच्या गावातले समजा, जिथे अंडं एका डॉलरला जात होतं. म्हणजे दर खोटे नाहीत, साहसवीरांच्या पैशाने फुगलेले आहेत. पळवाट आहे, पण हुशार आहे. फुगवटा खराच येतो. मालीचा राजा मानसा मुसा १३२४ मध्ये हजच्या वाटेवर कैरोत उतरला आणि त्याने इतकं सोनं वाटलं की तिथला सोन्याचा भाव पडला, आणि पुढे बारा वर्षांनीही तो सावरला नव्हता असं अल-उमरीने लिहून ठेवलं. आमच्या पाच जणांनी बादलीभर सोनं आंबेखिंडीत ओतलं तर कैरोला जे झालं ते साठ घरांचं होईल.

पण मला फुगलेलं गाव नकोय. मला असं गाव हवंय जिथे पैसा असूनही अडतं.

२८ जुलै

काकांना फोन. लातूरला आडत दुकान, वय सत्तरीला आलेलं. त्यांना खेळातलं काही कळत नाही, पण "एका गावात पाच उपरे आलेत, खिशात मोप पैसा आहे, काय होईल" एवढं विचारलं की ते तासभर बोलतात.

"लोहाराकडून भाले घ्यायचेत त्यांना," मी म्हटलं.

"गावच्या लोहाराला रोख पैसे कोण देतं रे? तो बलुत्यावर. वर्षभर कुणब्याचे फाळ, विळे, खुरपी शेवटायची आणि खळ्यावर आपला वाटा घ्यायचा. तुझ्या माणसांचं काम तो करील, नाही असं नाही. पण आधी गावाची औतं. ज्येष्ठात गेलात तर तो मान वर करून बघायचा नाही."

"दुप्पट पैसे दिले तर?"

"मग गाव त्याला विचारील ना. त्याला तुमच्यात राहायचंय का गावात?"

फोन ठेवून एकशे चाळीस ओळींतल्या नव्वद पुसल्या. पुस्तकातलं गाव म्हणजे एक मोठं दुकान : फळीवर माल, खाली किंमत. खरं गाव किमतीवर चालतच नव्हतं. लोहार, सुतार, चांभार, कुंभार यांचा हिशोब धान्यात आणि वर्षाच्या बोलीवर. परक्याला रोखीत जे मिळतं ते आठवडी बाजारात, त्याच वारी, आणि त्याच दिवशी जेवढं आलं तेवढं. तलवार मिळते पेठेत. चिलखत मिळत नाही, ते कुणाकडून तरी उतरवून घ्यावं लागतं किंवा सांगून करवून घ्यावं लागतं.

नवा तक्ता तीन रकान्यांचा : गावात, बाजारात, पेठेत. गावच्या रकान्यात किमती नाहीतच. तिथे लिहिलंय : "कोणाशी बोलणार आणि बदल्यात काय करणार?"

काकांनी आणखी एक दिलं. "माप विचारायला सांग त्यांना. पायली इथून तिथून सारखी नसते." चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी हे कोष्टक पाठ, पण शेर केवढा हे गावागणिक वेगळं. रखमाने हे ऐकल्या ऐकल्या दोन पायल्या बनवून घ्यायचं ठरवलं, एक घ्यायची आणि एक द्यायची. चोर ती चोरच.

१८ ऑगस्ट

बट्टा. हा नियम सगळ्यात लहान आणि सगळ्यात लाडका.

मंडळींकडे जे सोनं आहे ते मेलेल्या राजांचं, थडग्यातून आणि गुहांतून आलेलं. पुस्तकात ते नाणं कुठेही चालतं. खरं नाणं टाकसाळ, साल आणि झीज बघून चालायचं. सराफ वाजवून, घासून, तोलून बघणार आणि बट्टा कापणार. आपल्या भाषेत नावाला अजून बट्टा लागतो, तो या गल्ल्यावरूनच आलेला. सरकारी खजिन्यात हे काम पोतदाराचं.

नियम : परकं किंवा जुनं नाणं मोडताना सहा बाजूंचा फासा टाका, जो आकडा येईल तितके शेकडा गेले. मेलेल्या राजाचं असेल तर दोन फासे. ज्याला घासाघीस येते त्याने एकदा पुन्हा टाकावं. हे आकडे माझे, खेळापुरते.

आज वापरून बघितलं. पेठेतल्या सराफाने नाणं उलटंपालटं केलं, दाताखाली धरलं आणि विचारलं, "हा राजा कोण?" पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. वर्षभर ज्याचं थडगं लुटतायत त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. वीस मिनिटांचा अप्रतिम प्रसंग झाला, आणि त्यासाठी मला फक्त एक फासा लागला. भिवबाने एक्सेलचा उच्चारही केला नाही.

मोठ्या रकमेसाठी हुंडी ठेवली आहे. पेढीवर सोनं भरा, कागद घ्या, दुसऱ्या शहरात वटवा, हुंडणावळ कापून. कागद पावसात भिजू शकतो. घाट आमचा आहे, पाऊसही.

२ सप्टेंबर, पोळा

लातूरला आलोय. पुरणपोळी खाऊन काकांच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे बैल बघायला गेलो. सजवलेले, शिंगांना हिंगूळ आणि बेगड, पाठीवर झूल. मी झुलीखाली डोकावतोय, कारण मला पाठीवर गोणी कशी बसते ते बघायचं होतं. शेतकरी म्हणाला, "आता कोण घालतंय पाठीवर? गाडीला जुंपतो, ते पण शेतात न्यायला." तरी त्याने बारदानाची जोडगोणी टाकून दाखवली. दोन्ही बाजू सारख्या भरल्या नाहीत तर शंभर पावलांत घसरते. एका बाजूला नाणी आणि एका बाजूला धान्य असं चालतच नाही, वजन तोलावं लागतं. टिपून घेतलं.

घाटात गाडी चालत नाही, तिथे लमाणांचे तांडे. सतराव्या शतकात आलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांचे तांडे धान्य आणि मीठ नेताना पाहिल्याचं लिहिलंय. आमच्या कॅम्पेनमध्ये तांडा हे आता चालतं शहर आहे. त्यांच्या मागोमाग चाललात तर मीठ, बातमी आणि संरक्षण तिन्ही मिळतं, पण वेग बैलाचा.

मधले पंधरा दिवस गणपतीमुळे खेळ बंद.

२२ सप्टेंबर

चिलखताचा प्रश्न लांबणीवर टाकत होतो. पुस्तकात पूर्ण पत्र्याचं चिलखत १,५०० सोन्याचं, म्हणजे ७,५०० दिवस, वीस वर्षांची मजुरी. इंग्लंडात १४४१ साली तयार मिलानी चिलखत ८ पौंड ६ शिलिंग ८ पेन्सना गेल्याची नोंद आहे. २,००० पेन्स, मजुराला तेव्हा दिवसाला ४, म्हणजे ५०० दिवस. पंधरापट फरक. पण ते पुस्तकात मुद्दामच महाग ठेवलंय, ते पुढच्या टप्प्याचं बक्षीस असतं. आमच्या घाटात ते घालून कुणी चढणारच नाही, त्यामुळे ओळच खोडली. वजनांचं जाऊ दे. १९७८च्या पुस्तकात दोनहाती तलवार २५० नाण्यांच्या वजनाची, दहा नाण्यांचा पौंड, म्हणजे अकरा किलोवर! खऱ्या अशा तलवारी दोन ते साडेतीन किलोंच्या. नंतरच्या आवृत्त्यांनी ते सुधारलं.

खरा बदल वेगळाच झाला. सामान विकत घ्यायचंच कशाला? शिवकाळात घोडदळात दोन तऱ्हा होत्या. शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई, बारगिराला दोन्ही सरकारातून मिळे. म्हणून कॅरेक्टर बनवताना आता पहिला प्रश्न : बारगीर का शिलेदार? बारगिराला सुरुवातीला चांगला घोडा, पण तो त्याचा नाही, मेला तर जाब द्यायचा. शिलेदाराचं तट्टू मरतुकडं, पण स्वतःचं, आणि वागायला मोकळा. भिवबाने एक मिनिटात बारगीर निवडला आणि दुसऱ्या मिनिटाला घोड्याला नाव ठेवलं.

सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद सांगितलाय. आमच्या पाच जणांकडे पाच घोडे आणि नालबंद शून्य. खिळ्यांची ओळ परत आणली.

वैरणीसाठी चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी धाडलेलं पत्र पुन्हा वाचलं. रयतेला काडीचाही त्रास न देण्याचा भाग सगळ्यांना पाठ असतो. मला लागला तो वेगळाच : पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उडवाल तर घोडी उपाशी मरतील, आणि रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात पळवील आणि गवताच्या गंजी जळून जातील. इतकी वर्षं मी छावणीवर हल्ला करायला राक्षस शोधत होतो. तक्त्यात नवी ओळ : "रात्री दिवा कोण विझवणार, ते सांगा." कुणी सांगितलं नाही तर वीस बाजूंचा फासा. एक आला की उंदीर.

१३ ऑक्टोबर, दसऱ्याचा दुसरा दिवस

मुदत एका दिवसाने चुकली. तक्ता दोन पानांचा, बावन्न ओळी.

सेशनची सुरुवात सीमोल्लंघनाने. लष्कर पावसाळाभर छावणीत आणि दसऱ्याला बाहेर, हे सभासदाने लिहिलंय. आणि निघताना लहान-थोर प्रत्येकाकडे काय काय आहे याची यादी करायची, परतल्यावर ताडून बघायची, जास्त निघालं तर ते हिशोबात धरायचं, हेही. मी कारकून झालो. टेबलावर वही उघडली आणि एकेकाला पुढे बोलावलं.

गंमत म्हणजे जुलैमध्ये ज्यांना सामानाची यादी नकोशी होती त्यांनी आज पाऊण तास स्वतःहून वाचून दाखवली. कारण आता प्रत्येक वस्तू ही परत आल्यावर द्यायची जबानी होती. गुणाबाईने माणकाची पूड "कुंकू" म्हणून लिहायला लावली. पाचांतल्या मास्तरांनी हुंडी पोथीच्या पुठ्ठ्यात शिवली आणि मग पोथी यादीत घालायची की नाही यावर घोळ घातला. भिवबाने घोड्याचं नाव यादीत लिहायचा हट्ट धरला. कारकुनाने लिहिलं : "घोडा एक, सरकारी."

शेवटी रखमा. खंजीर एक, दोर एक, पायल्या दोन.

"दोन कशाला?" कारकुनाने विचारलं.

"एक फुटली तर."

कारकुनाने दोन्ही मागवल्या, शेजारी शेजारी ठेवल्या, एक धान्याने भरली आणि दुसरीत ओतायला लागला. रखमाने फासा उचलला.